ओटीतली सुरक्षा संस्कृती मोजायची कशी: फॉर्म वाटण्याआधीची तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

बऱ्याच रुग्णालयांत हे काम असं उरकतं. रुग्णालयांना गुणवत्तेची मान्यता देणाऱ्या एनएबीएच मंडळाची तपासणी जवळ येते. क्वालिटी विभागातलं कुणीतरी इंटरनेटवरून प्रश्नावली उतरवून घेतं आणि ५० झेरॉक्स काढून ओटी (ऑपरेशन थिएटर) इन्चार्ज सिस्टरच्या हातात देतं. सिस्टर दुपारी केसेस संपल्यावर सगळ्यांना बसवून फॉर्म भरून घेतात, स्वतःच गोळा करतात. आठवड्याभरात फाइलला एक रंगीत चार्ट लागतो: 'रुग्णसुरक्षा संस्कृती ८२ टक्के'. त्या ८२चा अर्थ एवढाच, की इन्चार्ज सिस्टर समोर उभ्या असताना लोक ८२ टक्के चांगलं बोलले.

खालचा क्रम मध्यम रुग्णालयासाठी आहे: ३ ते ६ ओटी, ४० ते ८० माणसं. पहिल्या पाच पायऱ्या फॉर्म वाटण्याआधीच्या आहेत, आणि चुका बहुतेक तिथेच होतात.

पायरी १: प्रश्न एका वाक्यात लिहा

मॉपची (रक्त टिपायच्या कापडी तुकड्यांची) मोजणी जुळत नाहीये आणि सर्जन टाके घालायला लागलेत. अशा वेळी सहा महिन्यांपूर्वी लागलेली स्क्रब सिस्टर (सर्जनच्या हातात अवजारं देणारी) 'सर, थांबा' म्हणते का? म्हटलं तर पुढे तिचं काय होतं? याबद्दल ओटीतल्या माणसांच्या मनात जी पक्की समजूत बसलेली असते, ती आपल्याला मोजायची आहे. जंतुसंसर्गाचं प्रमाण, चेकलिस्ट किती भरल्या, किती केसेस रद्द झाल्या, हे आकडे वेगळे. नंतर शेजारी ठेवून बघायला ते कामाचे आहेत, पण संस्कृती म्हणून ते खपवू नका.

'आमची सुरक्षा संस्कृती कशी आहे?' हा प्रश्न इतका ऐसपैस आहे की कुठलंही उत्तर त्यात मावतं. त्याऐवजी असं काही लिहा: 'चूक दिसली तर बोलून दाखवणं आमच्या ओटीत कोणत्या गटाला सर्वांत अवघड जातं, आणि कशामुळे?' हा कागद शेवटपर्यंत समोर ठेवा.

*तपासा:* निकाल वाईट आला तर काय बदलायची तयारी आहे, हे वैद्यकीय अधीक्षकांना आत्ताच विचारा. उत्तर 'बघू' असेल तर सर्वेक्षण पुढे ढकला. एकदा विचारून काहीच न करणं हे न विचारण्यापेक्षा महागात पडतं, कारण पुढच्या वेळी लोक फॉर्म भरतच नाहीत.

पायरी २: प्रश्नावली निवडा, बनवू नका

घरी बसून वीस प्रश्न तयार करण्याचा मोह होतो. तो आवरा. कसाला लागलेल्या दोन प्रश्नावल्या उपलब्ध आहेत.

पहिली अमेरिकेच्या एएचआरक्यू या सरकारी संस्थेची. २००४ साली आलेल्या मूळ आवृत्तीत ४२ प्रश्न आणि १२ विषयगट होते. २०१९ च्या २.० आवृत्तीत ३२ प्रश्न आणि १० गट आहेत: एकत्र काम, मनुष्यबळ व कामाचा वेग, शिकण्याची वृत्ती, चुकीला मिळणारा प्रतिसाद, वरिष्ठांचा आधार, चुकांबद्दलचा संवाद, मोकळेपणा, घटना कळवणं, व्यवस्थापनाचा आधार आणि ड्यूटी बदलताना माहिती सोपवणं. शिवाय सुरक्षेला एकंदर श्रेणी देणारा आणि गेल्या वर्षभरात किती घटना कळवल्या ते विचारणारा, असे सुटे प्रश्न आहेत.

दुसरी एसएक्यू (सेफ्टी अॅटिट्यूड्स क्वेश्चनेअर), टेक्सास विद्यापीठात तयार झालेली. तिचे सहा भाग: एकत्र काम, सुरक्षेचं वातावरण, नोकरीतलं समाधान, ताणाची जाणीव, व्यवस्थापनाबद्दलचं मत आणि कामाची परिस्थिती. ओटीसाठी तिची स्वतंत्र आवृत्ती आहे.

माझं मत सांगतो. अख्ख्या रुग्णालयात सर्वेक्षण होणार असेल आणि ओटीची इतर विभागांशी तुलना हवी असेल तर एएचआरक्यूची घ्या. फक्त ओटी बघायची असेल, त्यातही सर्जन, भूलतज्ज्ञ आणि सिस्टर एकमेकांबरोबर कसं काम करतात हा मुद्दा असेल, तर एसएक्यूची ओटी आवृत्ती. वापराच्या आणि भाषांतराच्या अटी मूळ संस्थेकडून वाचून घ्या.

*सावधान:* दोन्हीतले 'चांगले' प्रश्न निवडून तिसरी खिचडी शिजवू नका. ४२ प्रश्नांच्या जुन्या आवृत्तीचे आकडे आणि ३२ च्या नवीचे आकडेही एकाच चार्टवर टाकू नका. प्रश्न बदललेले आहेत, त्यामुळे दिसणारी 'सुधारणा' कागदावरचीच असते.

एएचआरक्यूच्या प्रश्नावलीत 'तुमचं युनिट' आणि 'तुमचे वरिष्ठ' हे शब्द वारंवार येतात. आठवड्यातून दोनदा येणाऱ्या व्हिजिटिंग सर्जनचं युनिट कोणतं? तीन रुग्णालयांत भूल देणाऱ्या डॉक्टरांचे वरिष्ठ कोण? हे आधी ठरवून पहिल्याच पानावर चौकटीत छापा: 'या फॉर्ममध्ये युनिट म्हणजे या रुग्णालयाचं ओटी कॉम्प्लेक्स.' वरिष्ठ कोण समजायचे, ते प्रत्येक गटासाठी एका ओळीत लिहा.

पायरी ३: फॉर्म कुणाच्या हातात जाणार, ते ठरवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. फॉर्म हातात आल्यावर माणूस आधी प्रश्न वाचत नाही. हे कोण बघणार, हे तो शोधतो.

ओटी इन्चार्ज, मेट्रन, सर्जरीचे विभागप्रमुख आणि अधीक्षकांचे पीए, या चौघांनाही या कामात घेऊ नका. माणसं वाईट असतात म्हणून नव्हे. ज्यांच्या हातात ड्यूटी लावणं, रजा मंजूर करणं किंवा मेमो देणं आहे, त्यांनी गोळा केलेलं उत्तर खरं येत नाही. क्वालिटी विभागही बघून घ्या: घटनांची चौकशी करून अहवाल लिहिणारी व्यक्ती आणि सर्वेक्षण करणारी व्यक्ती एकच असेल तर तीही नको. वैद्यकीय महाविद्यालय असेल तर जनऔषधवैद्यकशास्त्र (कम्युनिटी मेडिसिन) विभागातले कुणी, नर्सिंग कॉलेज जोडलेलं असेल तर तिथल्या मॅडम, नाहीतर बाहेरचा विश्वासू माणूस बघा.

अधीक्षकांच्या सहीचं एक पत्र घ्या. त्यात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात. भरलेला फॉर्म रुग्णालयातलं कुणीही पाहणार नाही. पाचपेक्षा कमी माणसांच्या गटाचा आकडा वेगळा छापला जाणार नाही. फॉर्म न भरल्याबद्दल कुणाला विचारणा होणार नाही. पत्र नोटीस बोर्डावर लावाच, पण बदलायच्या खोलीतही लावा. बोर्ड कुणी वाचत नाही.

एमडीचा प्रबंध, एमएस्सी नर्सिंगचा प्रकल्प किंवा छापायचा लेख यासाठी हा डेटा वापरायचा असेल तर आचारसमितीची मंजुरी पहिला फॉर्म वाटण्याआधी घ्या. 'आधी गोळा करू, मग अर्ज करू' हा मार्ग बंद आहे असंच समजा.

पायरी ४: माणसांची यादी करा, मग गट पाडा

'ओटी स्टाफ' म्हटलं की लोक सिस्टर आणि टेक्निशियन मोजून थांबतात. ओटीच्या दारापाशी उभे राहा आणि आठवडाभरात लाल रेषेच्या (निर्जंतुक भागाच्या हद्दीच्या) आत कोण कोण जातं ते लिहा. सर्जन, रेसिडेंट, भूलतज्ज्ञ, स्क्रब आणि सर्क्युलेटिंग सिस्टर, ब्रदर, ओटी टेक्निशियन, सी-आर्म (ओटीतलं एक्स-रे यंत्र) चालवणारे, रिकव्हरीच्या सिस्टर, सीएसएसडीचे (अवजारं निर्जंतुक करणाऱ्या विभागाचे) लोक, मामा, मावशी. मामा-मावशी ठेकेदाराकडचे असले तरी यादीत हवेत. चुकीचा पेशंट टेबलावर येण्याआधी ट्रॉली ढकलणाऱ्या मामांनी ती गोष्ट पाहिलेली असते, त्यांना कुणी विचारलेलं नसतं. इम्प्लांट घेऊन आत येणारा कंपनीचा प्रतिनिधी मात्र कर्मचारी नाही. त्याला वगळा, पण तो कुठे उभा असतो आणि काय काय हातात देतो हे सातव्या पायरीसाठी टिपून ठेवा.

तीन महिन्यांपेक्षा कमी काळ इथे असलेल्यांना वगळायचं की नाही हे आत्ताच ठरवा. निकाल पाहून ठरवलेला नियम हा नियम नसतो.

४० ते ८० माणसांत नमुना काढत बसू नका, सगळ्यांनाच विचारा. यादीतली एकूण संख्या आणि गटवार संख्या लिहून ठेवा, प्रतिसादाचं प्रमाण यावरूनच काढायचं आहे. गट चारच पुरेत: सर्जन आणि सर्जरीचे रेसिडेंट, भूलतज्ज्ञ आणि त्यांचे रेसिडेंट, नर्सिंग, आणि टेक्निशियन व सहायक कर्मचारी.

*सावधान:* वय, लिंग, पद, नोकरीची वर्षं, शिफ्ट, सगळं एकाच फॉर्मवर विचारू नका. 'स्त्री, ४१ वर्षं, भूलतज्ज्ञ, १२ वर्षं सेवा' एवढं लिहिलं की नाव लिहायची गरज उरत नाही. गट विचारा आणि फार तर 'या ओटीत एक वर्षापेक्षा कमी की जास्त' एवढं. बाकी सगळं खोडा. 'नंतर लागेल' म्हणून घेतलेली माहिती सहसा लागत नाही, पण फॉर्म पाहून माणूस बिचकतो तो तिच्यामुळेच.

पायरी ५: भाषांतर शब्दांचं नको, प्रसंगाचं करा

पुण्या-मुंबईच्या रुग्णालयांत केरळच्या सिस्टर, हिंदी बोलणारे टेक्निशियन आणि मराठी मावशी एकाच ओटीत असतात. इंग्रजी, हिंदी आणि मराठी अशा तीन प्रती लागतात, आणि तिन्हींत प्रश्नांचा क्रम तोच हवा.

'रुग्णसुरक्षा' हा शब्दच अडखळवतो. मी एका मावशींना विचारलं तर म्हणाल्या, 'गेटवर वॉचमन आहे की.' चूक त्यांची नव्हती. 'उपचारात चूक होऊन पेशंटला इजा होऊ नये यासाठी' असं लांबलचक लिहिलं तरी चालेल. 'घटना' म्हटलं की मारामारी किंवा चोरी डोळ्यांपुढे येते, म्हणून सुरुवातीलाच दोन उदाहरणं द्या: चुकीच्या बाजूला खूण होणं, रक्ताची पिशवी दुसऱ्याच्या नावाची असणं. जी चूक पेशंटपर्यंत पोचण्याआधी पकडली गेली, तिला 'थोडक्यात टळलेली चूक' म्हणा.

चूक कळवली की समस्येऐवजी माणसाविरुद्धच लेखी तक्रार होते असं वाटतं, अशा अर्थाचं एक विधान एएचआरक्यूच्या प्रश्नावलीत आहे. त्याचं शब्दशः भाषांतर वाचून कुणाला काहीच बोध होत नाही. 'मेमो' हा शब्द वापरा. काय म्हणायचंय ते आपल्याकडच्या प्रत्येक सिस्टरला तात्काळ कळतं.

खरी गोची नकारात्मक विधानांची. 'इथे चुका लोकांच्या विरोधात वापरल्या जातात' यावर 'असहमत' म्हणणं म्हणजे चांगलं उत्तर. मराठीत लिहिताना आपण त्यात आणखी एक 'नाही' घुसडतो आणि वाचणारा गोंधळतो. एका विधानात एकच नकार ठेवा. विधान सरळ करून सकारात्मक करण्याचा मोहही टाळा. मूळ रचना मोडते, आणि न वाचता खुणा करणारे ओळखायचं साधनही हातचं जातं.

क्रम असा ठेवा. एकाने मराठीत आणावं. मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यावं. मग दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून फरक काढावेत. त्यानंतर पाच-सहा जणांना, त्यात एक मावशी आणि एक रेसिडेंट हवाच, फॉर्म देऊन सांगा: 'वाचताना मनात काय येतं ते मोठ्यानं बोला.' तुम्ही फक्त ऐका. 'तसं नाही हो, याचा अर्थ असा' असं एकदा जरी म्हणावंसं वाटलं, तर ते वाक्य पुन्हा लिहायचं आहे.

*तपासा:* फॉर्म भरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. १५ मिनिटांच्या वर जात असेल तर दोन केसेसच्या मध्ये तो भरला जाणार नाही.

पायरी ६: वेळ, जागा आणि पेटी

कधी नको ते आधी. एनएबीएचची तपासणी महिन्याभरावर असताना नको. ओटीत मोठी दुर्घटना होऊन चौकशी चालू असताना नको. पीजीच्या परीक्षा किंवा रेसिडेंटची नवी बॅच रुजू होण्याचा आठवडा नको. सलग दोन ते तीन आठवडे मिळतील असा काळ निवडा, म्हणजे रात्रपाळीची पूर्ण फेरी त्यात बसते.

कागद की मोबाइल? ओटीत मला कागद बरा वाटतो. ऑनलाइन फॉर्म करायचाच असेल तर ईमेल गोळा करण्याचं सेटिंग बंद करा. 'एका व्यक्तीचं एकच उत्तर' हे सेटिंग लावलं की लॉगिन मागितलं जातं, आणि लॉगिन दिसलं की निनावीपणाच्या वचनावरचा विश्वास संपतो. तेही बंद ठेवा. एखाद्याने दोनदा भरण्याचा धोका पत्करलेला बरा.

कागदावर फॉर्म क्रमांक घालू नका. पेटी सीलबंद हवी. ती इन्चार्जच्या केबिनमध्ये नको आणि सीसीटीव्हीच्या टप्प्यात नको. जेवणाच्या खोलीजवळची जागा सहसा बरी. फॉर्मबरोबर कोरं पाकीट द्या आणि सगळ्यांना एकाच रंगाचं बॉलपेन द्या.

वाचता न येणाऱ्यांसाठी बाहेरच्या माणसाने मोठ्याने वाचावं आणि खूण मात्र त्यांनी स्वतः करावी. पाच चौकोनांचं एक मोठं कार्ड करून 'अजिबात पटत नाही' पासून 'अगदी पटतं' पर्यंत समजावून सांगितलं की जमतं. आधी एका सोप्या वाक्यावर सराव करून घ्या: 'आमच्या ओटीतला चहा गरम असतो.' लोक हसतात, आणि खूण कुठे करायची तेही कळतं.

आठवण करून द्यायची ती सगळ्यांना एकत्र. 'तुमचा फॉर्म आला नाही' असं एकट्यादुकट्याला म्हणालात की, कुणाचा आला आणि कुणाचा नाही हे तुम्हाला माहीत आहे, हे उघड होतं. सकाळच्या मीटिंगमध्ये बसवून भरून घेऊ नका, तिथे शेजारचा बघून खूण होते.

पायरी ७: त्याच आठवड्यांत ओटीत उभे राहा

फॉर्म लोकांची समजूत सांगतो, वागणूक सांगत नाही. म्हणून १५ ते २० केसेस प्रत्यक्ष बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रिया चेकलिस्टमध्ये १९ मुद्दे आणि तीन थांबे आहेत: भूल देण्याआधी, काप घेण्याआधी आणि पेशंट ओटीबाहेर जाण्याआधी. कागद भरला का ते बघू नका, तो भरलेलाच असतो. हे बघा:

- काप घेण्याआधीच्या थांब्याला सगळ्यांचे हात खरोखर थांबतात का, की सिस्टर वाचत असताना ड्रेपिंग (पेशंटवर निर्जंतुक कापड टाकणं) चालूच असतं?
- मोठ्याने कोण बोलतं, आणि कोण एकदाही बोलत नाही?
- शेवटचा रकाना टाके घालण्याआधीच भरून ठेवलेला आहे का?
- मोजणी चुकली किंवा यंत्र बिघडलं तर पहिलं वाक्य कोणतं येतं: 'काय झालं?' की 'कुणी केलं?'

पहिल्या तीन-चार केसेस हिशेबात धरू नका. नवा माणूस बघतोय म्हटल्यावर सगळे नीटनेटके वागतात, मग विसरतात. टिपणात नाव, केस नंबर आणि तारीख लिहू नका. पेशंटला धोका दिसला तर मात्र निरीक्षकपणा बाजूला ठेवून लगेच बोला. हे आधीच सगळ्यांना सांगून ठेवा.

याच काळात घटना नोंदवहीही बघून घ्या. वर्षभरात शून्य नोंदी असलेली ओटी सुरक्षित असते असं नाही. बहुतेक वेळा तिथे लिहायची हिंमत नसते, किंवा वही कुठे आहे तेच माहीत नसतं.

पायरी ८: हिशेब

एक्सेलमध्ये मूळ नोंदींची शीट वेगळी ठेवा आणि तिला हात लावू नका. उलटी (नकारात्मक) विधानं दुसऱ्या शीटवर सरळ करा: नवीन गुण म्हणजे ६ वजा जुने गुण. कोणती विधानं उलटी आहेत याची यादी मूळ मार्गदर्शिकेतून घ्या, वाचून अंदाजाने ठरवू नका. ही एक पायरी विसरल्यामुळे 'चुकीला प्रतिसाद' या गटात झकास आकडे लागलेले अहवाल मी पाहिलेत.

अर्ध्याहून कमी प्रश्न सोडवलेले फॉर्म बाजूला काढा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच रकान्यात खुणा असलेलेही काढा. किती काढले ते अहवालात लिहा.

एएचआरक्यूच्या पद्धतीत प्रत्येक प्रश्नाची सकारात्मक टक्केवारी काढतात. समजा, नर्सिंग गटातल्या २० जणींपैकी दोघींनी 'लागू नाही / माहीत नाही' लिहिलं आणि ९ जणींनी 'सहमत' किंवा 'पूर्ण सहमत'. भागायचं १८ ने, म्हणून ५० टक्के. २० ने भागलं तर ४५ येतं आणि ते चूक. उलट्या विधानात 'असहमत' आणि 'पूर्ण असहमत' सकारात्मक धरायचे. मग गटातल्या प्रश्नांच्या टक्केवारीची सरासरी. मोकळेपणाच्या चार प्रश्नांना ५०, ४०, ६० आणि ३० आले तर गटाचा आकडा ४५.

एसएक्यूचं गणित वेगळं: सरासरीतून १ वजा करून २५ ने गुणायचं, म्हणजे ० ते १०० मधला आकडा मिळतो. ७५ आणि त्यावर अनुकूल मानतात. 'ताणाची जाणीव' हा भाग बाकीच्या पाचांसारखा वागत नाही. त्याला एकूण बेरजेत ओढू नका, वेगळा दाखवा.

*तपासा:* पाच फॉर्म डोळे मिटून उचला आणि दुसऱ्या माणसाकडून कागद व एक्सेल ताडून घ्या. एक जरी चूक सापडली तरी सगळे ताडा.

मोकळ्या जागेतला मजकूर टाइप करून घ्या आणि त्यातली नावं, ओटी नंबर, 'परवाच्या सिझरला' असे सगळे धागे काढून टाका. मूळ कागद फाडून टाका. ओटीत हस्ताक्षरं सगळ्यांना पाठ असतात.

पायरी ९: आकडा वाचताना एकूण सरासरी झाकून ठेवा

समजा, 'इथे मोकळेपणाने बोलता येतं' याला १५ सर्जनपैकी १२, २० सिस्टरपैकी ९ आणि १० टेक्निशियन-सहायकांपैकी ५ जण हो म्हणाले. एकूण ४५ पैकी २६, म्हणजे ५८ टक्के. अहवालात '५८, सुधारणेला वाव' असं छापलं जातं आणि विषय संपतो. खरी बातमी ८० आणि ४५ यांच्यामधल्या दरीत आहे. ज्यांना बोलावं लागतं त्यांना बोलता येत नाही, आणि ज्यांनी ऐकायचं त्यांना वाटतं की सगळं मोकळं आहे.

ही दरी आपल्याकडचीच आहे असं नाही. अमेरिकेतल्या ६० रुग्णालयांच्या ओटींवरच्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सर्जननी दुसऱ्या सर्जनबरोबरच्या सहकार्याला ८५ टक्के वेळा 'चांगलं' किंवा 'फार चांगलं' म्हटलं. सिस्टरनी सर्जनबरोबरच्या सहकार्याला तसं म्हटलं ते फक्त ४८ टक्के वेळा. म्हणून पहिला तक्ता गटवार हवा. एकूण आकडा हवाच असेल तर शेवटच्या पानावर.

वाचताना आणखी काही गोष्टी. एएचआरक्यूच्या पद्धतीत ७५ टक्क्यांच्या वरचं बलस्थान मानायचा ढोबळ संकेत आहे. ५० च्या खालचं आधी हाताळा. आठ भूलतज्ज्ञांच्या गटात एक माणूस म्हणजे साडेबारा टक्के, त्यामुळे 'गेल्या वेळेपेक्षा १२ टक्क्यांनी सुधारणा' म्हणजे कदाचित एक बदली. एखाद्या गटाचा प्रतिसाद ६० टक्क्यांच्या खाली असेल तर त्या आकड्याकडे केवळ इशारा म्हणून बघा. कोण गप्प राहिलं हाही निष्कर्षच आहे. सर्जननी फॉर्म भरलेच नाहीत तर ते तसंच लिहा, 'सर्जन व्यस्त होते' अशी सारवासारव नको.

मग फॉर्म, निरीक्षण आणि नोंदवही शेजारी मांडा. 'घटना कळवतो' याला भरघोस सहमती, पण नोंदवही कोरी, अशी विसंगती दिसली तर तिथेच खणायला सुरुवात करा.

*सावधान:* निकाल पाहून 'हे कुणी लिहिलं असेल' असा अंदाज बांधणं सुरू झालं, की ती चर्चा तिथेच थांबवा. मी एका ठिकाणी हे वेळेवर थांबवू शकलो नाही. पुढच्या वर्षी त्या ओटीतून सगळे फॉर्म पाचपैकी पाच भरून आले.

पायरी १०: निकाल आधी त्यांनाच सांगा

पेटी उघडल्यापासून चार आठवड्यांच्या आत, आधी ओटीतल्या लोकांना, मग व्यवस्थापनाला. एकच मोठी सभा घेऊ नका. सर्जनसमोर मावशी बोलणार नाहीत, हे तुमच्या फॉर्मनेच तुम्हाला सांगितलं आहे. गटवार अर्ध्या तासाच्या बैठका घ्या, दोन तक्ते दाखवा आणि एकच प्रश्न विचारा: 'हा आकडा असा का आला असेल? एखादा प्रसंग सांगा, नाव नको.' मोकळेपणाला ४५ टक्के का, याचं उत्तर तक्त्यात नसतं, ते या खोलीत मिळतं.

सुधारणेसाठी एक, फार तर दोन गोष्टी निवडा. 'संवाद सुधारणे' असं लिहू नका, ते कुणालाच करता येत नाही. करता येण्यासारखं असं: काप घेण्याआधीचा थांबा आळीपाळीने सिस्टर आणि भूलतज्ज्ञ घेतील. 'मोजणी जुळत नाही' हे शब्द उच्चारले की टाके थांबतील, कारण विचारायचं ते नंतर. थोडक्यात टळलेली चूक लिहिणाऱ्याला त्या नोंदीवरून मेमो निघणार नाही, हे अधीक्षकांच्या सहीने. प्रत्येक गोष्टीपुढे जबाबदार माणूस आणि तारीख लिहा. महिन्याभराने काय झालं ते पेटी ठेवली होती त्याच जागी कागदावर लावा. झालं नसेल तर 'झालं नाही' असं लावा.

पुन्हा मोजायचं ते वर्ष ते दोन वर्षांनी. तीन महिन्यांत समजुती बदलत नाहीत, बदलतो तो फक्त फॉर्म भरायचा कंटाळा. त्या वेळी नवा माणूस आला तरी काम अडू नये म्हणून आत्ताच एक फाइल बांधा: वापरलेल्या तिन्ही भाषांच्या प्रती, उलट्या विधानांची यादी, गट कसे पाडले, कुणाला वगळलं, यादीत किती होते आणि किती आले, फॉर्म कोणत्या तारखांना घेतले, आणि त्या दिवसांत ओटीत वेगळं काय चालू होतं. ही फाइल ओटीत किंवा इन्चार्जच्या कपाटात नको, ज्यांनी सर्वेक्षण केलं त्यांच्याकडेच राहू द्या.